वऱ्हाडचा ऱ

घरांत एखादी वस्तु हरवली म्हणजे प्रथम बोट जातें तें माणसाकडे. आमच्या धंतोलींतल्या घरीं गेल्या दिवाळींत असेंच झालें.

आमचे वडील नोकरीनिमित्त अकोल्यास असत. तेथून त्यांनीं आईस लिहिलेलीं पत्रें वाळवीच्या तोंडीं जात होतीं, म्हणून धाकट्या सूनबाईनें तीं स्कॅन करून संगणकांत ठेविलीं आणि त्या फोल्डरास ‘वऱ्हाड’ असें नांव दिलें. मूळ कागद पुढें उरले नाहींत. रोज रात्रीं ठराविक फोल्डरांची प्रत दुसऱ्या डिस्कवर व्हावी, अशी व्यवस्था पुतण्यानें केली होती; फोल्डरांचीं नांवें त्यानें स्वतः टंकलीं होतीं.

दिवाळींत संगणक बंद पडला. प्रत उघडून पाहतों, तों ‘नागपूर’ आहे, ‘नाशिक’ आहे, ‘वऱ्हाड’ मात्र नाहीं!

“मामंजी, मीं कांहीं पुसलेलें नाहीं,” सूनबाई म्हणाली. आम्ही गप्प राहिलों. त्या रात्रीं ती पानावरून लवकर उठली.

चार दिवसांनीं पुतण्या पुण्याहून आला. त्यानें जुन्या संगणकाची डिस्क काढून दुसऱ्यास जोडली, तेव्हां पत्रें जशींच्या तशीं निघालीं. मग त्यानें कारण शोधलें.

संगणक अक्षराचें रूप पाहत नाहीं, क्रमांक पाहतो. युनिकोड पद्धतींत, जिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, प्रत्येक चिन्हास क्रमांक आहे. वऱ्हाडांतला आपला ऱ तींत तीन तऱ्हांनीं लिहितां येतो: स्वतंत्र ऱ घेऊन, साध्या र खालीं नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि त्यापुढें एक अदृश्य सांधा घालून. डोळ्यांस तिन्ही सारखे. पहिले दोन एकच मानावेत असा युनिकोडचा दंडक आहे. तिसरा त्यांत बसत नाहीं, आणि पुष्कळ प्रोग्रॅम तो दंडकही न पाळतां नुसते क्रमांक ताडून पाहतात. सूनबाईच्या कीबोर्डानें एक तऱ्हा उमटविली, पुतण्याच्या कीबोर्डानें दुसरी. यादींतलें नांव प्रोग्रॅमास सांपडलें नाहीं, तो निमूटपणें पुढें गेला. नांवांत तिरकी रेघ घातली तर विंडोजचा संगणक तेथल्या तेथें नकार देतो, चूक लगेच कळते. येथें नकारही नव्हता, सूचनाही नव्हती.

आतां नांव हातानें टंकावयाचें नाहीं, फोल्डरावरूनच उचलावयाचें, असें ठरलें आहे. एखादें नांव न सांपडल्यास प्रोग्रॅम थांबून तसें सांगतो, आणि महिन्यांतून एकदां आम्ही प्रत उघडून पाहतों.

यंत्राची दुरुस्ती तासाभरांत झाली. सूनबाईची क्षमा मागण्यास मात्र आम्हांस दोन दिवस लागले. वस्तु न सांपडली तरी बोलावयाचें नाहीं, हा दोष त्या प्रोग्रॅमाचा. मनांत संशय आला तरी उघड विचारावयाचें नाहीं, हा आमचा. तीं पत्रें आतां रविवारीं दुपारीं तीच सर्वांस वाचून दाखविते.