पाण्याखाली अंगठा वर करू नका!

मालवणहून परतलेल्या तुमच्या ऑफिसातल्या कुणाचाही फोटो बघा. हिरवट-निळं पाणी, तोंडात नळी, भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि मधोमध आपला हीरो, अंगठा वर करून! त्याला म्हणायचं असतं, ‘जाम भारी!’ पण स्कूबाच्या भाषेत तो म्हणतोय, ‘मला वर न्या!’ आणि समोरचा गाइड सिन्सिअर असेल, तर तो खरंच वर नेतो. पैसे वसूल व्हायच्या आधीच राइड संपली.

खरं तर इथेच घोळ आहे. मालवणात स्कूबा बऱ्याचदा राइड म्हणूनच विकलं जातं. केळ्याच्या बोटीवर बसा, पॅराशूटला लटका, मग पाण्याखाली जाऊन या, असं कॉम्बो पॅकेज. पण हा एक खेळ आहे, आणि प्रत्येक खेळाची असते तशी त्याची बाराखडी आहे. बास्केटबॉलच्या कोर्टवर पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी थेट मॅचमध्ये ढकलत नाही. आधी ड्रिबल, पास, पिव्हट हे शब्द आणि त्यांच्या मूव्हज शिकवतात. चेंडू धरून पळालात की ‘ट्रॅव्हलिंग’, शिटी वाजलीच. इथे शिटी नाही, आणि धरून ठेवायची नाही ती गोष्ट म्हणजे श्वास.

त्याआधी जागेविषयी. मालवणच्या जेटीवर उभं राहिलं की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं आणि २०२५ मध्ये तो मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला. तटाच्या आसपास पाण्याखाली जे खडक आहेत, त्यांनी एकेकाळी शत्रूची गलबतं लांब ठेवली. आता त्याच खडकांवरची प्रवाळं बघायला आपण जातो. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा पोटावर पाय येईल म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता. आज त्यांच्याच घरांतली अनेक पोरं डाइव्ह गाइड आहेत. कोणता खडक कुठे आहे आणि कुठल्या वाऱ्याला पाणी गढूळ होतं, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं.

आता किट. पाठीवरच्या टाकीला सगळे ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात. साफ चूक! आत असते आपली रोजचीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली, दोन हजार लिटरच्या वर. शुद्ध ऑक्सिजन तर थोड्याशा खोलीवरही विषारी ठरू शकतो. तोंडात धरायचा तो रेग्युलेटर. अंगात घालायचं जॅकेट म्हणजे बीसीडी, त्यात हवा भरली की तरंगता, सोडली की खाली जाता. कमरेला शिशाचे तुकडे लावलेला पट्टा. जमिनीवर हे सगळं घालून चालताना आपण लग्नातल्या बॅण्डवाल्यासारखे दिसतो, पण पाण्यात उतरलं की वजन जाणवतच नाही.

मूव्ह नंबर एक: श्वास. फक्त तोंडाने, लांब आणि संथ, आणि कधीही न थांबता. ऐकायला किती सोपं! पण डोकं पाण्याखाली गेलं की लहानपणापासूनची सवय उसळून येते आणि आपण दम कोंडतो. स्विमिंग पूलमध्ये ते ठीक, इथे तेच सगळ्यांत धोक्याचं. कारण असं, की १० मीटर खोलीवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतून छातीभर घेतलेली हवा वर येताना पसरत जाते आणि पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. वाट मोकळी असेल तर ती बुडबुड्यांतून निघून जाते. दम कोंडून झपकन वर आलात, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. म्हणून घाबरल्यावर वर पळायचं नाही. थांबायचं, श्वास सोडायचा, मग इशारा करायचा. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा माझे बुडबुडे मशीनगनसारखे सुटत होते. वर आल्यावर गाइड हसत म्हणाला, ‘‘सावकाश! इतकी घाई कित्याक?’’ डेडलाइनवर जगणाऱ्या माणसाला संथ श्वास शिकावा लागतो, हे खरंच आहे. जमला की आणखी एक गंमत कळते: श्वास घेतला की शरीर किंचित वर जातं, सोडला की खाली. हात न हलवता लिफ्ट!

दुसरी मूव्ह कानाची. तिला ‘इक्वलाइज’ म्हणतात. विमान उतरताना कान दडे बसतात ना, तसं इथे पहिल्या काही फुटांतच होतं. मास्कवरून नाक चिमटीत धरायचं आणि हळूच नाकातून हवा ढकलायची. दर दोन-तीन फुटांवर, दुखायच्या आधी. दुखायला लागलं तर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. सर्दी असेल तर हे जमत नाही, त्या दिवशी सरळ काठावर बसा. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास, प्रेग्नन्सी, यांतलं काहीही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि आधी डॉक्टरला विचारा. आणि आदल्या रात्रीची पार्टी? ती डाइव्हनंतरच्या रात्री करा की.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर मान थोडी वर, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकातून फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. रेग्युलेटर सुटला तर पुन्हा तोंडात घालून आधी जोरात फुंकायचं, मगच श्वास घ्यायचा.

उरली हातांची भाषा. तर्जनी आणि अंगठ्याचा गोल म्हणजे ‘ओके’. हा प्रश्नही आहे आणि उत्तरही. गाइडने केला की तुम्ही परत करायचा, मान डोलवून चालत नाही. अंगठा वर म्हणजे वर चला, खाली म्हणजे खाली. पंजा आडवा धरून डुगडुगवला की ‘काहीतरी बिनसलंय’, मग जे बिनसलं तिकडे बोट दाखवा, म्हणजे बहुतेकदा कान. गळ्यावरून हात आडवा फिरवला की हवा संपली. पाच खुणा, बस्स. किनाऱ्यावर जोडीदारासोबत दोनदा करून बघा. आजूबाजूचे हसतील, हसू देत.

आणि हात एरवी जवळ ठेवा. दगडासारखं दिसणारं प्रवाळ जिवंत असतं आणि त्याच्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षणही आहे. फोटोसाठी त्यावर उभं राहणं आणि मासे जमावेत म्हणून पाव टाकणं, दोन्ही मला चीड आणणारे प्रकार आहेत. गाइडने केलं तर नको म्हणा. गिऱ्हाईक तुम्ही आहात.

पोहता येत नसलं तरी ही पहिली डाइव्ह करता येते, गाइड पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. पाणी अंदमानसारखं काचेचं नसेल, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बऱ्यापैकी साफ मिळतं, पावसाळ्यात सगळं बंद. बुकिंगच्या आधी विचारा: एका गाइडमागे माणसं किती? त्याच्याकडे डाइव्हिंगचं सर्टिफिकेट आहे का? ब्रीफिंग किती वेळ? ‘पाण्यातच सांगतो’ असं उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा. बोटीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणजे धोका पाण्याखालीच असतो असं नाही. चटक लागलीच तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. १८ मीटरपर्यंत नेणाऱ्या ओपन वॉटर कोर्सला मात्र २०० मीटर पोहता यायला हवं.

एक शेवटचं, प्लॅनिंगचं. डाइव्हनंतर किमान १२ तास विमान टाळायचं असतं, आणि २००० फुटांच्या वर जाणारा घाटही त्यातच धरतात. आंबोली त्यात येते. तेव्हा शनिवारी सकाळी पाण्यात उतरा, दुपारी सुरमई थाळी आणि सोलकढी, रविवारी किल्ला. मुंबईकरांनी कुडाळहून ट्रेन पकडावी, पुण्या-कोल्हापूरच्यांनी रविवारी निवांत घाट चढावा.