बाबांची पद्मिनी

मी कंटेंट रायटर. 'घरच्या घरी करून बघा' असे लेख रोज लिहिते, पण स्वतः कधी साधा खिळाही ठोकला नव्हता. तो योग बाबांच्या पद्मिनीमुळे आला.

१९८८ची प्रीमियर पद्मिनी. स्टिअरिंगजवळ गिअर, पुढे लांब सलग सीट. आजोबांची गाडी बाबांकडे आली आणि त्यांच्या बदलीबरोबर नोएडाला पोहोचली. पण दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई झाली. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. तेव्हापासून पद्मिनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी. शेवटी ना हरकत प्रमाणपत्र काढून तिला ट्रकवरून नाशिकला काकांकडे पाठवायचं ठरलं. बाबा एवढंच म्हणाले, "जायच्या आधी हिच्यात बसून एकदा नीट गाणी ऐकायची होती."

करोल बागेत चौकशी केली. स्पीकरसाठी दाराचा पत्रा कापावा लागेल, असं दुकानदार म्हणाला. बाबांनी ठाम नकार दिला. "आजोबांच्या गाडीला भोक पाडायचं नाही."

मग उपाय सापडला तो फायबरग्लासचा. दाराच्या मूळ पॅडच्या जागी बसणारं, पुढून फुगीर पॅनेल करायचं; स्पीकर त्या फुगवट्यातच मावतो, पत्र्याला हात लागत नाही. प्लायवूडच्या पाट्यावर स्पीकरची गोल रिंग थोडी तिरकी बसवली आणि त्यावर बाबांचा जुना टी-शर्ट ताणून स्टेपल केला. त्याला रेझिन लावलं, की कापडच कडक होतं. मग मागून काचतंतूंच्या मॅटचे दोन-तीन थर, वरून पुट्टी, सँडपेपर आणि शेवटी रेक्झिन.

लिहायला सोपं आहे! मे महिन्यात गच्चीवर मी अंदाजाने हार्डनर ओतलं. दोन मिनिटांत मग इतका तापला, की हातातून खाली ठेवावा लागला. आतलं रेझिन दगड झालं. वाटलं, आता बाबा रागावणार. ते म्हणाले, "लेखात प्रमाण लिहितेस ना? मग मोजून घाल." १०० ग्रॅम रेझिनला १-२ ग्रॅम हार्डनर पुरतं आणि उन्हाळ्यात कमीच. पुढचे थर आम्ही पहाटे, थोडं थोडं रेझिन कालवून, मास्क आणि हातमोजे घालून दिले.

तीन रविवार गेले. इतक्या वर्षांत बाबा आणि मी इतका वेळ एकत्र बसलो नव्हतो. सँडपेपर घासता घासता त्यांनी आजोबांच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. मी त्या कधी विचारल्याच नव्हत्या.

गाडी जायच्या आदल्या रात्री आई मागे, आम्ही दोघं पुढे बसलो. इंजिन बंद, गाणी चालू. बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत होते.

मूळ पॅड जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत ठेवले आहेत. काकांना नको असेल तर चार स्क्रू काढले, की गाडी पुन्हा आजोबांची. तुमच्या घरातही अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर ती निरोप घेण्याआधी घरातल्या मोठ्यांबरोबर एकदा हातात घ्या.