आमच्याआधी गाणं ठाऊक असणारे

विजयादशमीपासून कालीपूजेपर्यंतचे वीसेक दिवस कोलकात्यात विजया संमेलनांचे. देवी विसर्जनाला गेलेली, मांडव अजून उभा, आणि त्याच मांडवात लाकडी चौक्या दोरीनं एकमेकींना बांधून केलेलं व्यासपीठ. वर सतरंजी, दोन बांबूंवर दोन कर्णे. आधी समितीच्या चिटणिसांचं भाषण, मग लहान मुलींचा नाच, कुणाचं तरी कवितापठण, दोन-तीन रवींद्रसंगीतं, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही: दोतारा, खमक, ढोल, बासरी, एक गिटार आणि चार गळे. मानधन म्हणजे टॅक्सीभाडं सुटेल एवढं पाकीट आणि प्रत्येकाला मिठाईचा खोका. त्यात समोसा, निमकी, संदेश. या खोक्याची चव माझ्या जिभेवरून अजून गेलेली नाही.

वडील दक्षिण-पूर्व रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत होते, म्हणून मी मराठी घरातला असूनही जादवपूरकडे वाढलो. आमचं पथक जमलं ते 1999 नंतरच्या हवेत. त्या एका वर्षात ‘भूमि’ही उभी राहिली आणि कालिकाप्रसाद भट्टाचार्यांचं ‘दोहार’ही. त्याआधी वीस-पंचवीस वर्षं नाकतल्याच्या गौतम चट्टोपाध्यायांनी ‘महीनेर घोडागुली’ काढून बाउलांच्या सुरांशेजारी गिटार आणि सॅक्सोफोन आणून ठेवला होता. 1977 ते 1979 या काळात त्यांच्या तीन छोट्या तबकड्या निघाल्या. तेव्हा त्या फारशा कुणी उचलल्या नाहीत, आणि 1981 मध्ये पथक मोडलं. मग 1995 च्या पुस्तकमेळ्यात त्यांची गाणी नव्या कॅसेटमधून आली आणि कॉलेजातली पोरं वेडी झाली. आम्ही त्या पोरांतलेच. ‘दोहार’ची वाट मात्र निराळी होती. विलायती वाद्याला हात न लावता, सिलचर-सिल्हेटकडची, आपल्या काकांनी आयुष्यभर जमवलेली गाणी घेऊन कालिकाप्रसाद कोलकात्यात आले होते. 7 मार्च 2017 ला हुगळी जिल्ह्यातल्या गुडापजवळ गाडीच्या अपघातात ते गेले, आणि या शहरातला लोकगीतांचा सगळ्यांत जाणता माणूस पन्नाशीही न गाठता हरपला.

आम्ही वाजवायचो ते बहुतेक दक्षिणेकडच्या वसाहतींत: विजयगढ, आझादगढ, नेताजीनगर, बाघाजतीन. फाळणीनंतर पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्यांनी पडीक जमिनी बळकावून, बांबू आणि पत्रे उभारून वसवलेल्या या वस्त्या. आम्ही तिथं गेलो तेव्हा पत्र्यांच्या जागी एकमजली पक्की घरं झाली होती, पुढे तुळस, मागे आंबा-सुपारी. पहिल्या रांगेतल्या लाकडी खुर्च्यांवर बसलेली म्हातारी माणसं मैमनसिंग, बारिसाल, फरिदपूर, सिल्हेट इथं जन्मलेली. भटियाली, म्हणजे नावाड्यांची गाणी, आम्ही कॅसेटवरून आणि पुस्तकांतून शिकलो होतो. त्यांनी ती नावेत बसून ऐकली होती.

आझादगढच्या एका संमेलनात आमचं एक भटियाली संपलं आणि पुढच्या रांगेतल्या मासीमा काठी टेकत व्यासपीठापाशी आल्या. म्हणाल्या, “बाबा, छान गायलात. पण माझी आई यात आणखी एक कडवं म्हणायची. घेऊन ठेवा.” माइक नको म्हणाल्या. चौकीच्या कडेला बसून, दात नसलेल्या तोंडानं त्यांनी ते कडवं म्हटलं. आमच्या चालीपेक्षा त्यांची चाल एके ठिकाणी खाली उतरत होती, आणि त्या उतरण्यात सगळं गाणं निराळं होऊन जात होतं. आमच्या दोतारावाल्यानं तिथंच पाय दुमडून बसून, हळू आवाजात, त्यांच्यामागून ते उतरणं बोटांत घेतलं. मागची माणसं कुजबुजत होती, चिटणीस घड्याळ बघत होते, आणि त्या बाई दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणून दाखवत होत्या. आजही ते गाणं आम्ही त्याच चालीत गातो.

असं कितीदा तरी व्हायचं. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीत वाजवायला गेलो, तेव्हाही. खमक म्हणजे काखेत धरायचं छोटं कातडी वाद्य. त्याच्या पोटातून निघालेली तार डाव्या मुठीतल्या गुंडीनं ताणायची आणि उजव्या हातानं छेडायची. ते पाहून कोल्हापूरकडच्या एक आजी उठल्याच. “अरे, हे तर आमच्या यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं!” त्यांचं खरंच होतं, दोन्ही वाद्यं भावंडंच आहेत. आजींनी खमक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि चौंडक्यावरचा ठेका खुर्चीच्या हातावर धरून दाखवला. आमच्या बंगाली खमकवाल्यानं दोन मिनिटांत तो उचलला. बंगालीतलं अक्षरही आजींना येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हती.

आता आम्ही वाजवतो ते गोलपार्क, जोधपूर पार्कच्या बाजूच्या कॅफेंत आणि गच्च्यांवर. साठ-सत्तर खुर्च्या, तिकीट फोनवरून, मानधन कार्यक्रम संपायच्या आत खात्यात. मन लावून ऐकतात. कुणी उठत नाही, बोलत नाही. आणि दोतारा ऐकू येतो! पूर्वी माइक त्याच्याजवळ नेला की शिट्टी मारायचा आणि लांब नेला की सगळं ढोलाखाली बुडायचं. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडी सैल पडायची. मग मांडवामागे वर्तमानपत्र पेटवून त्यावर ढोल आणि डुग्गी शेकायची, आणि तिसऱ्या गाण्याला पुन्हा तेच. आता दोताऱ्याला पिकअप आहे, वातानुकूलित खोलीत कातडी तासभर टिकते, बोटाचं घासणंसुद्धा शेवटच्या रांगेत पोचतं. हे सुख आहे, आणि ते मला फार उशिरा मिळालं.

दुसरीही एक गोष्ट सुधारली, आणि ती मला पहिलीहून मोठी वाटते. तेव्हा कुणाचंही गाणं ‘प्रचलित’ म्हणून खपून जायचं. ‘लाल पाहाडिर देशे जा’ ही अरुणकुमार चक्रवर्तींची कविता आहे, हे गाणं नाचत ऐकणाऱ्यांतल्या कितीकांच्या गावीही नव्हतं. बीरभूममधल्या सिउडीच्या रतन काहारांनी ‘बडलोकेर बिटी लो’ रचलं, 1976 मध्ये ते स्वप्ना चक्रवर्तींच्या आवाजात तबकडीवर आलं आणि घराघरांत पोचलं, पण काहारांचं नाव मागेच राहिलं. 2020 मध्ये त्याच्या ओळी ‘गेंदा फूल’ या नव्या गाण्यात आल्या आणि पुन्हा नाव नाही, तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. 2024 मध्ये काहारांना पद्मश्री मिळाली. आता कॅफेत गाणं सुरू करण्याआधी आमची नवी गायिका रचनाकाराचं नाव, गाव, आणि गाणं कुणाकडून मिळालं तेही सांगते. लोक ते ऐकून घेतात.

तरी कार्यक्रम संपल्यावर मला रिकामं रिकामं वाटतं, आणि त्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. या खोलीत आम्हीच सगळ्यांत जास्त जाणतो. कुणी काठी टेकत पुढे येत नाही. येणारा येतो तो आमच्याकडून घ्यायला, आणि आमच्याकडे आहे तरी किती! विजयगढ-आझादगढची एकमजली घरं बिल्डरांकडे जाऊन चार-पाच मजली झाली. फाळणीच्या वेळी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पुढे आहे. विजया संमेलनं अजून होतात, पण बऱ्याच समित्या टीव्हीच्या स्पर्धांतले गायक आणतात, छातीत धडधडेल असे स्पीकर लावतात, आणि म्हातारी माणसं खिडकी बंद करून घरात बसतात. त्यांना मांडवात आणायचं असेल, तर आधी आवाज खाली आणायला हवा. हे मी दोन समित्यांना सांगून पाहिलंय.

जानेवारीत शक्तिगढच्या मैदानात मात्र जुन्यासारखं काही घडतं. 2006 पासून तिथं बाउल-फकीर उत्सव भरतो. गावोगावचे बाउल-फकीर येतात, आसपासच्या लोकांच्या घरी उतरतात, त्यांच्या स्वयंपाकघरात जेवतात. आमची गायिका गेल्या वर्षापासून तिथं मांडवात न थांबता, ज्या घरांत ते उतरतात त्या घरांतल्या आजी-आजोबांशी बोलत बसते. तिच्या यादीत आता बाघाजतीनमधले एक आजोबा आहेत, सिल्हेटकडच्या सुनामगंजचे. त्यांना दुपारी झोप लागते, सकाळी ऐकू बरं येतं. येत्या रविवारी सकाळी दोतारा घेऊन आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. त्यांच्या मुलाला फोन झाला आहे, आजोबांनी दोन गाणी आठवून ठेवली आहेत.