हनोई : तीन स्टुलांच्या उंचीवरून

हनोई हे शहर बसून पाहायचे असते, आणि तेही फार खाली बसून. जुन्या शहराच्या पदपथावरची खानावळ म्हणजे एक मोठे पातेले, एक शेगडी आणि निळ्या-तांबड्या प्लास्टिकच्या स्टुलांची ओळ. स्वयंपाकघरातल्या पाटाला पाय फुटावेत एवढीच त्या स्टुलांची उंची. माझी आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले, ११ वर्षांचा मधुमेह आणि रोजची रक्तदाबाची गोळी. पहिल्या संध्याकाळी तिने त्या स्टुलांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बसवाल तुम्ही, पण उठवणार कोण?"

आम्ही चौघे होतो : आई, मी, माझे यजमान आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. नोव्हेंबरअखेरचे दिवस निवडले, कारण तेव्हा तिथला उकाडा आणि पाऊस दोन्ही ओसरलेले असतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी घेतली. औषधांचे दोन वाटे केले. एक माझ्या पर्समध्ये आणि दुसरा यजमानांच्या हातातल्या बॅगेत. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, म्हणून गोळ्यांच्या वेळा कागदावर मांडून घेतल्या. इतकी तयारी केलेल्या माणसाला वाटते तसेच मलाही वाटत होते, की आता चुकण्यासारखे काही उरलेले नाही.

शहराच्या मध्यभागी होआन किएम नावाचे तळे आहे. नावाचा अर्थ 'परत केलेली तलवार'. परचक्राला हरवल्यावर राजा ले लोई या तळ्यात नौकेतून फिरत असता एक कासव वर आले आणि त्याने राजाची दैवी तलवार परत मागून घेतली, अशी कथा सांगतात. तळ्यातल्या बेटावर देऊळ आहे आणि तिथे जायला लाल रंगाचा लाकडी पूल. पण आईला आवडली ती तिथली पहाट. उजाडण्याआधीपासून तळ्याकाठी म्हातारी माणसे जमतात. कुणी संथ हातवारे करत ताय-ची करतो, कुणी बॅडमिंटन खेळतो, आणि साठी-सत्तरीच्या बायका ध्वनिक्षेपकावर गाणे लावून रांगेत नाचतात. आई बाकावर बसून पाऊण तास पाहत राहिली. "यांच्या सुना यांना काही बोलत नाहीत वाटतं," एवढाच शेरा तिने मारला.

दुसऱ्या दिवशी हो ची मिन्ह यांच्या समाधीस्थळी जायचे ठरले. ते फक्त सकाळी उघडे असते; सोमवारी व शुक्रवारी बंद. आईला त्याचे विशेष अगत्य होते. तिच्या कॉलेजच्या दिवसांत व्हिएतनामचे युद्ध रोज वर्तमानपत्रात असे आणि १९६९ साली हो ची मिन्ह वारले तेव्हाची बातमी तिला आठवत होती. ज्या बा दिन्ह चौकात त्यांनी २ सप्टेंबर १९४५ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, तिथेच ही करड्या दगडाची वास्तू उभी आहे. रांग लांब होती, पण सरकत होती. आत बोलायचे नाही, थांबायचे नाही. काचेच्या पेटीतल्या त्या कृश, फिकट चेहऱ्याला वळसा घालून बाहेर पडायचे. मृत्युपत्रात त्यांनी आपले दहन करावे असे लिहिले होते. ते कळल्यावर आई बराच वेळ गप्प होती.

तिथे पिशव्या जमा कराव्या लागतात असे मी कुठेतरी वाचले होते. म्हणून औषधांची पर्स हॉटेलातच ठेवली होती आणि यजमानांची बॅगही. साखर मोजायचे यंत्र, ग्लुकोजची बिस्किटे, सगळे खोलीवर.

तिथून टॅक्सीने साहित्यमंदिरात गेलो. १०७० साली कन्फ्यूशियसच्या नावे बांधलेले हे मंदिर. १०७६ साली तिथेच राजविद्यालय सुरू झाले. एकामागून एक पाच चौक, झाडी, मध्ये चौकोनी तळे आणि त्याच्या दोन बाजूंना दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या ८२ शिळा. १४४२ ते १७७९ या काळातल्या परीक्षांत सर्वोच्च पदवी मिळवणाऱ्यांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. आईने ३० वर्षे शाळेत शिकवले. शाळेच्या गुणवत्ता-फलकावर नाव रंगवून घेण्यासाठी पेंटरमागे लागणारी ती बाई. शिळांकडे ती किती कौतुकाने पाहील याची मी वाट पाहत होते. ती तळ्याच्या कठड्यावर बसली. ओठावर घाम होता. माझ्या मुलाकडे पाहून ती म्हणाली, "दादा, घरी जाऊ या."

दादा म्हणजे माझे मामा. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली.

तिचा हात हातात घेतला तर तो थंडगार होता आणि थरथरत होता. साखर उतरली होती. मोजायला यंत्र नव्हते, आणि असते तरी अशा वेळी आधी साखर द्यायची आणि मग मोजायचे, हे मला डॉक्टरांनी पूर्वी बजावले होते. मुलगा धावत बाहेर गेला आणि पदपथावरून उसाच्या रसाचे दोन पेले घेऊन आला. तिथेही चरक आपल्यासारखाच. फक्त आल्या-लिंबाऐवजी उसाबरोबर छोटी आंबट नारिंगे पिळतात. बर्फ काढून टाकला. आई शुद्धीवर होती, घोट गिळत होती, म्हणूनच रस दिला. ग्लानीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचे नसते, तेव्हा थेट रुग्णालयच गाठायचे. पंधरा मिनिटांचा नियम आहे : सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पोटात जाईल असे काही द्यावे, १५ मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावे. त्या १५ मिनिटांत मी एकाही शिळेकडे पाहिले नाही. मग आई म्हणाली, "हा रस जरा आंबट आहे गं," आणि माझ्या जिवात जीव आला.

नुसत्या रसावर भागत नाही. मागोमाग जेवण लागते. समोरच्या गल्लीत एक बाई कोंबडीचा फो विकत होती. तांदळाच्या रुंद, मऊ शेवया, त्यावर शिजवलेल्या कोंबडीचे तुकडे, कांद्याची पात, आणि चक्रफूल, दालचिनी व भाजलेल्या आल्याच्या वासाचा गरम रस्सा. बाईने आईकडे पाहिले, तिच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि एक शब्द न बोलता तीन स्टुले एकात एक रचून ठेवली. समोर वाडगा ठेवायला आणखी एक चळत. आई त्या सिंहासनावर बसली आणि आम्ही तिघे तिच्या पायाशी. तिने वाडगा तळापर्यंत संपवला.

"सकाळी काय खाल्लं होतंस?" मी विचारले.

"अर्धं केळं."

"मला तर म्हणालीस अंडी-पाव झाला म्हणून."

"रांगेत मध्येच लागली असती तर कुठे जायचं होतं? पाणीही नाही प्यायले."

गोळी मात्र तिने वेळेवर घेतली होती. तिची गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्यांपैकी आहे. ती घेतली आणि अन्न पोटात गेले नाही की साखर घसरते. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण आपल्यामुळे चौघांचा खोळंबा होऊ नये, ही चिंता तिच्या लेखी मोठी होती. प्रवासात स्वच्छतागृहाच्या धास्तीने अन्नपाणी तोडणारी ज्येष्ठ मंडळी घरोघरी असतील; त्यांना विचारले तर ती "खाल्लं की" असेच सांगतात.

हॉटेलवर येऊन मोजली तेव्हा साखर १३२ होती. मी उरलेल्या सगळ्या सहली रद्द करायला निघाले. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला पाहायला आणलंस की तपासायला?"

त्यावर आमचा तह झाला. गोळी ताट समोर आल्यावरच, माझ्यादेखत. पर्स कधीही मागे ठेवायची नाही. कुठेही गेल्यावर आधी स्वच्छतागृह शोधायचे, मग देऊळ. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक, दुपारी झोप. आणि तिच्या बाजूने एकच अट : तिला चक्कर, थकवा, काहीही वाटले तर ती सांगेल, पण सांगितल्यावर मी घाबरायचे नाही. ही अट मला तिच्या गोळ्यांपेक्षा जड गेली.

यादीतली निम्मी ठिकाणे गळाली, त्याचे कुणालाच काही वाटले नाही. विजेवरच्या उघड्या गाडीतून जुने शहर फिरलो. पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला. छान, पण खुर्च्यांमध्ये पाय पसरायला जागा नाही. पश्चिम तळ्याकाठच्या त्रान क्वोक पॅगोडात एक बोधिवृक्ष आहे. १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी बोधगयेहून आणलेले ते रोप. परक्या मुलखात अचानक ओळखीचा पिंपळ भेटल्यासारखे आईला झाले. तिने खाली पडलेले एक पान उचलून पासपोर्टात ठेवले.

रस्ता ओलांडण्याची मला भीती होती. दुचाक्यांचा तो लोंढा थांबत नाही. पण तिथली रीत अशी, की एका संथ लयीत चालत राहायचे. धावायचे नाही, मागे फिरायचे नाही, दुचाक्या आपल्याला वळसा घालतात. आईची चाल त्यासाठी अगदी योग्य ठरली. दचकून मागे सरायची ती मीच.

खाण्यात मुख्य पथ्य मिठाचे. तिथे माशांच्या आंबवणापासून काढलेला खारट रस जवळपास सगळ्यात पडतो. म्हणून पुढे आई फोमधल्या शेवया, कोंबडी आणि पाला खाई व अर्धा रस्सा ठेवी. मंगळवारी ती शाकाहारी असते. त्या दिवशी 'चाय' अशी पाटी दिसली, तेव्हा तिला वाटले चहा मिळेल. 'चाय' म्हणजे शाकाहारी; अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथले पुष्कळ बौद्ध लोक असेच जेवतात. चहाऐवजी टोफू आणि आळंब्या आल्या, आणि बऱ्या लागल्या. सकाळचा पिवळा चिकट भात मात्र तिचा लाडका झाला. हळदीचा भात, वर मूगडाळीचा कीस आणि तळलेला कांदा. "खिचडीच की ही, वेगळी वेगळी करून वाढलेली," असे म्हणून ती माझ्या ताटातले चार घास घेई. चिकट तांदूळ साखर झरझर वाढवतो, म्हणून चारच.

अंड्याची कॉफी राहिली होती. १९४६ साली दुधाची टंचाई असताना हनोईच्या एका हॉटेलातल्या न्गुएन व्हान जियांग नावाच्या गृहस्थांनी अंड्याचे पिवळे बलक फेटून ती केली. त्यात अंडे पुरते शिजत नाही आणि गोडी भरपूर, म्हणून मी आढेवेढे घेतले. आईने माझ्या कपातला एक चमचा चाखला आणि चमचा परत ठेवला. "श्रीखंडात कॉफी सांडल्यासारखं लागतं."

निघायच्या दिवशी ती म्हणाली, त्या बाईकडे जायचे. यादीत ते नव्हते, विमानाला मात्र वेळ होता. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली आणि आई काठी टेकत उतरली. बाईने शेगडीवरून मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि ओलांडून जाणाऱ्या दुचाकीला हाताने थांबवत दुसऱ्या हाताने स्टुले रचायला घेतली. एक, दोन, तीन.