पाठीवरचं ओझं

थोरल्याने पुण्याची नोकरी सोडली. सहा महिने देश फिरणार म्हणाला. त्याच्या अब्बांनी दोन दिवस अबोला धरला. निघायच्या आधी तो औंढ्याला आला, तेव्हा संध्याकाळी आम्ही मायलेक नागनाथाच्या देवळापर्यंत चालत गेलो. लहानपणापासून पाहिलेल्या त्या कोरीव दगडी भिंती तो नव्याने बघत होता.

याच देवळात नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले, असं सांगतात. नामदेवांचं नरसी आपल्याच हिंगोली जिल्ह्यातलं. पुढे ते पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.

"अम्मी, तेव्हा तर एसटीही नव्हती," थोरला हसला.

मला इब्न बतूता आठवला. मोरोक्कोचा हा मुसाफिर १३२५ साली, एकविसाव्या वर्षी हजसाठी घराबाहेर पडला. आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. २४ वर्षांनी मायदेशी परतला, तेव्हा आई नुकतीच वारली होती. हे मी मुलाला सांगितलं नाही.

रात्री त्याच्या पिशवीत जानमाज आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. जागा होईना, म्हणून अब्बांनी मुकाट्याने त्याचे दोन शर्ट बाहेर काढले.