बांगड्या कुठे गेल्या?

भोरला आमचे बिऱ्हाड असताना शेजारी एक वृद्ध आजी राहत असत. त्यांचे माहेर वेल्ह्याकडचे, राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतले. गावात गिरणी आली तरी त्यांनी जाते मोडीत काढले नव्हते. सणावाराला पसाभर दळण घेऊन त्या बसत आणि ओव्या सुरू होत. १९९६ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवून एक कॅसेट भरून घेतली.

पुढे आजी गेल्या. २००८ साली कॅसेट खराब होऊ लागली, तेव्हा आम्ही ती संगणकावर उतरवली. मोबाईलच्या इवल्याशा कार्डात पुष्कळ गाणी मावावीत म्हणून एमपी३ चा सर्वांत लहान आकार आम्हीच निवडला आणि कॅसेट टाकून दिली. गेल्या दिवाळीत आजींच्या नातीला त्या ओव्या ऐकवल्या. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, आवाज आजीचाच आहे, पण बांगड्या कुठे गेल्या?"

त्या प्रश्नाने आम्हाला शोध घ्यायला लावले. सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मापे घेतलेली असतात. मिनिटभराच्या संगीताला सुमारे १० एमबी जागा लागते. मोठ्या आवाजाच्या सावलीतला बारीक आवाज कानाला जाणवत नाही, हे हेरून एमपी३ तो ढोबळपणे नोंदवते किंवा गाळून टाकते. १२८ किलोबिटला मूळचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो, तरी पुष्कळदा फरक कळत नाही. आकार आणखी आवळला की मात्र वरच्या पट्टीतले स्वर छाटले जातात, बांगडीची लख्ख किणकिण फिसकटते आणि जात्याची घरघर पाण्यात बुडबुडल्यासारखी होते. एकदा गेलेले परत येत नाही.

एमपी३ घडवणाऱ्यांपैकी जर्मनीचे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांची खरी परीक्षा घेतली ती सुझान वेगा या गायिकेच्या 'टॉम्स डायनर' या साथीविना गायिलेल्या गीताने. आरंभी तो आवाज फारच बिघडत असे, कारण दोष लपवायला मागे वाद्येच नव्हती. जात्यावरची ओवीही अशीच उघडी असते.

याच सह्याद्रीच्या खोऱ्यांत गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांसह ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील काही हजार डिजिटल टेपवर, आवाज न आवळता, ध्वनिमुद्रित केल्या. शब्द वहीत उतरतात. श्वास, जाते आणि बांगड्या उतरत नाहीत, हे त्यांनी जाणले होते. आम्ही जाणले नाही.

वाचकहो, आपल्याही घरी आजीची गीते, लग्नातली गाणी, वडिलांचा आवाज कॅसेटवर पडून असेल. प्रथम ते वेव्ह किंवा फ्लॅक या स्वरूपात पूर्ण उतरवून ठेवावे. मोबाईलसाठी लहान प्रत त्यावरून काढावी. एमपी३ पासून पुन्हा एमपी३ करू नये, आणि कॅसेट तर मुळीच टाकू नये. जागा आज स्वस्त आहे.

त्या मुलीला आम्ही काय उत्तर द्यावे? बांगड्या आजीच्या हातात होत्या, कॅसेटवरही होत्या. आम्ही त्यांना अनावश्यक ठरवले, एवढेच.