चार माणसांना बसावयास जागा

आमचा एक पुतण्या गेली दहा-बारा वर्षे विलायतेत असतो. त्याचे पत्र म्हणजे आमच्या घरी सणच. हल्लीच्या रीतीप्रमाणे ते कागदावर येत नाही, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येते. पण आम्ही जुन्या वळणाचे असल्यामुळे रात्रीची जेवणे उरकल्यावर सर्वांनी एकत्र बसावे आणि पत्र मोठ्याने वाचावे, असा शिरस्ता आम्ही अद्याप मोडू दिलेला नाही. असेच एक पत्र वाचीत असता आमची जीभ मध्येच अडखळली. चिरंजीवांनी लिहिले होते की, आमच्या वस्तीतला दारूचा गुत्ता विकत घेऊन एक बांधकाम कंपनी तेथे राहत्या सदनिका बांधणार आहे. तो गुत्ता वाचवावा म्हणून वस्तीतील लोकांनी अर्ज केला असून त्या अर्जावर मीही सही केली आहे.

घरात क्षणभर कोणी बोलेना. मग मुले फिदीफिदी हसू लागली. आमच्या वहिनींनी देवघराकडे पाहून हात जोडले. आम्ही तर चष्मा काढून तो मजकूर पुन्हा वाचला. ज्याची मुंज आम्ही स्वतः मांडीवर घेऊन लावली, ज्याला रूपावली पाठ करवून घेतली, त्याने गुत्ता वाचविण्यासाठी सही करावी! त्याच रात्री आम्ही उत्तर लिहिले. त्यात मनूने कामज व्यसनांत मद्यपानाला कोणते स्थान दिले आहे ते सांगितले. आणि अखेरीस असेही लिहिले की, आमच्या नगर जिल्ह्यात राळेगणसिद्धी नावाचे एक गाव आहे, तेथल्या अडाणी म्हणविणाऱ्या शेतकऱ्यांनी गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या, आणि तुम्ही शिकलेसवरलेले लोक गुत्ता राखावयास निघाला आहात!

चार दिवसांनी त्याचे सविस्तर उत्तर आले. पोर मुळीच चिडलेले नव्हते. ‘‘काका, मी स्वतः घेत नाही, तेथे बसून लिंबाचे सरबत पितो,’’ असे आरंभी सांगून त्याने आमचे अज्ञान मोठ्या अदबीने दूर केले. इंग्रजीत त्या जागेला ‘पब्लिक हाउस’, म्हणजे सार्वजनिक घर, असे नाव आहे. खेड्यात टपालकचेरी बंद झाली, दुकान बंद झाले, देवळात जाणारे उरले नाहीत, की माणसांनी एकमेकांस भेटावयाची शेवटची जागा तीच उरते. म्हाताऱ्या विधुराने संध्याकाळी कोणाचे तरी तोंड पाहावे, फुटबॉलच्या मंडळाने सभा भरवावी, कोणी वारले तर त्याच्या आठवणी सांगावयास जमावे, ते तेथेच. पण गुत्त्याच्या धंद्यापेक्षा त्याच्या जमिनीला मोल अधिक आल्यामुळे ती घरे पाडून सदनिका उठविणे मालकाला परवडते.

म्हणून इंग्लंडमध्ये 2011 साली एक कायदा झाला. गावातील निदान एकवीस मतदारांनी मिळून एखादी जागा ‘समाजाच्या उपयोगाची’ म्हणून नोंदवून घ्यावी. पुढे ती विकावयास निघाली, तर गावकऱ्यांना पैसा उभा करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागता येते. मालकाने त्यांनाच विकावी अशी सक्ती मात्र नाही. या कायद्याने नोंदलेला पहिला गुत्ता दक्षिण लंडनमधील नन्हेड भागातला ‘आयव्ही हाउस’. 2013 साली तो तेथल्या रहिवाशांनी भाग काढून विकत घेतला. भागधारक साडेतीनशेहून अधिक निघाले. लंडनमध्येच मेडा व्हेल येथे ‘कार्लटन टॅव्हर्न’ नावाची वास्तू होती. ती 2015 च्या एप्रिलात मालकाने सदनिकांसाठी परवानगीवाचूनच पाडून टाकली. रहिवाशांनी हट्ट सोडला नाही. नगरपालिकेने हुकूम केला की, होती तशी पुन्हा बांधून द्या; आणि 2021 साली ती पुन्हा उभी राहून उघडली. 2017 पासून तर तेथे असे घर पाडावयाचे किंवा त्याचा उपयोग बदलावयाचा म्हटले, की रीतसर परवानगी काढावी लागते.

हे सर्व आम्ही कौतुकाने वाचले. पण पत्राच्या शेवटी दोनच ओळी होत्या, त्यांनी आमची झोप उडविली. ‘‘काका, आपल्या वाड्याची ओसरी पाडताना कोणी अर्ज केला होता का? माझ्या तर लहानपणच्या साऱ्या गोष्टी त्या ओसरीवरच्या आहेत.’’

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा प्रसंग झाला असेल, म्हणून आमची हकीकत थोडक्यात सांगतो. आमचा वाडा रस्त्याच्या तोंडाशी होता. दर्शनी भागास लांब ओसरी, आणि तिला दार असे नव्हतेच. सकाळी वर्तमानपत्र येई ते प्रथम ओसरीवर, मग घरात. दुपारी उन्हाने शिणलेला पोस्टमन टेकत असे. संध्याकाळी आळीतील निवृत्त मंडळी जमत, आणि त्यांत आमच्या जातीचे तेवढेच असत असे नव्हे. मागल्या गल्लीतला शिंपी, तालमीचा वस्ताद, गाडीतळावरचा हमाल, असे सर्व एका सतरंजीवर बसत. परीक्षेच्या दिवसांत गरीब मुले तेथल्या दिव्याखाली अभ्यास करीत. दोन घरांत भांडण लागले तर कोर्टात जाण्यापूर्वी ते ओसरीवर येई, आणि बहुधा तेथेच मिटे. त्या जागेचे आम्ही कोणाकडून भाडे घेतले नाही. परंतु ती आम्ही समाजास दिली आहे असेही आमच्या कधी मनात आले नाही.

पुढे भाऊ-भाऊ वाढले, खोल्या पुरेनात, पावसाळ्यात माडी गळू लागली. एक बांधकाम करणारे गृहस्थ नकाशा घेऊन आले. प्रत्येक भावास सदनिका, वर काही रोख. सह्या करावयाच्या दिवशी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले आणि भीत भीत म्हणाले, ‘‘मास्तर, खाली तेवढी ओसरी राहिली असती तर बरे झाले असते.’’ आम्ही त्यांना सांगितले, ‘‘ते आता आमच्या हातात नाही.’’ वाचकहो, हे खरे नव्हते. सह्यांमध्ये पहिली सही आमची होती, कारण आम्ही वडील. नकाशात ओसरी ठेवावयाची तर एक दुकानाचा गाळा कमी झाला असता. आणि त्या गाळ्याची किंमत आम्ही मनातल्या मनात किती वेळा मोजली होती, ते आमचे आम्ही जाणतो. आता तेथे वाहने उभी राहतात. ते वृद्ध गृहस्थ पुढे दोन वर्षे होते. पण आम्ही त्यांना वाटेत भेटलो तेवढेच, बसून बोलणे असे पुन्हा झाले नाही.

मन स्वस्थ बसू देईना, म्हणून एके दिवशी ज्या राळेगणचा दाखला आम्ही मोठ्या तोऱ्याने दिला होता, ते गाव पुन्हा नीट पाहून यावे असे ठरविले. पारनेर तालुक्यातले, पाऊस बेताचा असलेले ते खेडे. तेथली हकीकत सर्वश्रुत आहे. पण आम्ही ती आजवर एकाच बाजूने वाचली होती. दुष्काळाने शेती बसलेली, तेव्हा गावात हातभट्ट्या निघाल्या. तीस-पस्तीस ठिकाणी दारू गळत होती. गावच्या यादवबाबांच्या देवळाची लाकडेसुद्धा लोकांनी भट्टीच्या जळणात घातली. 1975 साली किसन बाबूराव हजारे, म्हणजेच अण्णा, सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले. त्यांनी आरंभ कशापासून केला? भट्ट्या फोडण्यापासून नव्हे. आपल्या निधीतले सुमारे वीस हजार रुपये घालून त्यांनी प्रथम देऊळ दुरुस्त केले. ते पाहून कोणी लाकूड दिले, कोणी अंगमेहनत दिली. तरुणांचे मंडळ उभे राहिले. देऊळ उभे राहिल्यावर गाव त्यात बसू लागले, आणि दारूबंदीचा निश्चय झाला तो त्या बैठकीत. देवासमोर झालेला निश्चय म्हणून बहुतेकांनी आपल्या भट्ट्या आपण होऊन बंद केल्या. पुढे नाले अडविणे, पाझर तलाव, झाडे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, धान्यकोश ही सारी कामे श्रमदानाने झाली. विलासराव साळुंखे यांच्यासारख्यांचे पाण्याच्या बाबतीतले मार्गदर्शनही कामी आले.

त्या देवळाच्या आवारात आम्ही बराच वेळ बसलो. मनात आले की, राळेगणकरांनी गुत्ता बंद केला हे आपण सांगतो, पण त्यांनी आधी बैठक उघडली हे सांगावयाचे विसरतो. नुसती भट्टी फोडली असती, तर संध्याकाळी माणसाने जावे कोठे? रिकामा माणूस पुन्हा भट्टीच शोधतो. उलट विलायतेतले लोक गुत्ता राखतात, तेही पेल्यासाठी तेवढे नव्हे, बैठकीसाठी. दोघांची वाट भिन्न, पण दोघांनाही हवे आहे ते एकच: चार माणसांना बसावयास जागा.

आपल्या पूर्वजांस हे ठाऊक नव्हते असे नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना पानागारात निरनिराळ्या खोल्या असाव्यात, शय्या व आसने असावीत, सुगंध, फुले व पाणी असावे, आणि ते प्रत्येक ऋतूत सुखावह असावे, असे सांगितले आहे. म्हणजे मद्यावर कडक नजर ठेवणाऱ्या त्या मुत्सद्द्यालाही बसण्याची सोय महत्त्वाची वाटली. आणि आपला ‘गोष्ट’ हा शब्द पाहा. गोष्ठ म्हणजे गाई बांधावयाची जागा. तेथे माणसे जमू लागली, तिची झाली गोष्ठी. आणि त्या गोष्ठीत जे सांगितले जाई, ती गोष्ट. जागा आधी, गोष्ट मागून. पुतण्याने ओसरीवरच्या गोष्टी आठवल्या, त्यात व्युत्पत्तीही होती, हे त्या पोराला ठाऊक नसेल.

राळेगणात सर्वच गोड घडले असेही नाही. दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून मारले, हे स्वतः अण्णांनीही लपविलेले नाही. आम्ही छडी वापरलेला मास्तर. तरी ते आम्हांस पटत नाही. पण त्याच गावाच्या बैठकीचा दुसरा गुणही सांगितला पाहिजे. 2022 साली राज्य सरकारने मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यावयाचा निर्णय केला, तेव्हा अण्णांनी उपोषणाचा संकल्प सोडला. त्या वेळी ग्रामसभा भरली आणि गावकऱ्यांनी त्यांच्या वयाकडे पाहून तसे करू नये अशी विनंती केली; त्यांनी ती मानून उपोषण पुढे ढकलले. ज्या गावाला एकत्र बसण्याची सवय आहे, ते गाव आपल्या वडीलधाऱ्यालाही ‘नको’ म्हणू शकते.

घरी परतल्यावर हे विचार आम्ही मोठ्या रसाने सर्वांपुढे मांडले. सर्वांनी माना डोलावल्या. सौभाग्यवती मात्र निवडणाच्या ताटातून मान वर न करता म्हणाली, ‘‘ओसरी छान होती खरी. पण त्या ओसरीवर आम्ही कधी बसलो? चहाचे पेले तेवढे आतून पाठवीत होतो.’’

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. चाळीस वर्षांत त्या ओसरीवर आमच्या घरातील एकही स्त्री दिवेलागणीनंतर बसली नव्हती, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. विचार केला तेव्हा दिसले की, गुत्त्याचे दुःख सोसावयाचे ते बायकांनी, आणि पाराचे सुख भोगावयाचे ते पुरुषांनी, अशीच आपली वाटणी. आपल्या राज्यात आता बायकांना निदान एक अधिकार आहे. गावातील चौथा हिस्सा स्त्री-मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाबद्दल गुप्त मतदान होते, आणि निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. पण दुकान बंद करण्याचा अधिकार मिळाला, तरी बसण्याची जागा मिळाली असे होत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही इमारतीच्या मंडळींची सभा बोलावली आणि तळमजल्यावरील दोन वाहनांची जागा बाके टाकण्यासाठी मोकळी करावी, असा अर्ज दिला. त्यांतील एक जागा आमच्याच वाट्याची आहे. ती आम्ही सोडली. दुसरी सोडावयास कोणी तयार नाही, आणि ‘बाहेरचे लोक येऊन बसतील’ अशी भीती एका तरुण गृहस्थांनी बोलून दाखविली. तीच तर आमची इच्छा आहे, असे आम्ही सांगितले; त्यावर सभा हसून बरखास्त झाली.

म्हणून तूर्त एकाच वाहनाच्या जागेत एक बाक आहे. पहिल्या संध्याकाळी आम्ही व सौभाग्यवती दोघेच बसलो होतो. तिसऱ्या दिवशी पोस्टमन पाणी प्यावयास टेकला. परवा समोरच्या घरातील एक आजी नातवाला घेऊन आल्या, आणि दिवे लागून गेले तरी उठल्या नाहीत. पुतण्यास आम्ही तसे कळविले आहे. त्याच्या गुत्त्याचा निकाल अजून लागावयाचा आहे. लागेल तेव्हा कळव, आणि अर्जावर आणखी सही चालत असेल तर आमचीही घाल, असे शेवटी लिहिले आहे. वहिनींना मात्र ते शेवटचे वाक्य आम्ही वाचून दाखविले नाही.